छपराचा खालचा थर

९ ऑक्टोबर

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. तुला चष्मा लागला तरी माझ्या हातून बाळ्याच लिहिलं जातं, चालवून घे.

आज सकाळी पाऊस थांबला. छपराचे मिस्त्री आले, शिडी लावून वर गेले, चहा पिऊन गेले. दिवसभरात एवढंच झालं.

यांच्या पलंगावर गळतं. हे गेले तरी पलंग हलवावासा वाटत नाही, म्हणून गादी काढून बादली ठेवली आहे. मिस्त्रींना मी सांगितलं होतं की जुन्या डांबरी पट्ट्या उपटू नका, त्यांच्यावरच नव्या ठोका. खाली एकच थर असेल तर तसं करतात. तू आणि यांनी मिळून घातलेलं छप्पर आहे ते. स्वयंपाकघरावरची पट्ट्यांची तिरकी ओळ अजून तशीच आहे. तिचं खापर तुम्ही एकमेकांच्या माथी फोडत होता. ती मला काढायची नाही.

पण मिस्त्रींनी वळचणीची पट्टी उचलली, तर खाली आणखी एक जुना थर निघाला. तिसरा वाशांना पेलणार नाही, दोन्ही काढावे लागतील म्हणाले. वर हसून म्हणाले की मालकांनी अंगचोरी केली. आईच्या आजारपणात मी माहेरी होते तेव्हा तुम्ही हे काम केलंत. जुनं सगळं काढलं, असं यांनी मला सांगितलं होतं. खोटं बोलायचा यांचा स्वभाव नव्हता. तू तिथे होतास. काय झालं ते लिही, मग मी मिस्त्रींना काय ते कळवीन.

मुलांना माझी आठवण करून देत जा.

तुझी,
ताई

१५ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मिस्त्रींना म्हणावं, अंगचोर मी होतो, दाजी नव्हते.

दाजी पहार घेऊन चढले, वळचणीची पहिली पट्टी उचकटली आणि तिथेच बसून राहिले. त्यांचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी खालून ओरडत होतो की चहा गार होतोय, उतरता की वर पाठवू. बऱ्याच वेळाने म्हणाले, हे बाबांनी ठोकलंय, राहू दे. उचकटलेली पट्टी परत ठोकली आणि तिच्यावरच नवं काम सुरू केलं. खालचं उंचसखल होतं म्हणून ओळ तिरकी गेली. मी धरलेली दोरी सरळ होती, हे आता तरी मान्य कर. तुला सांगू नको म्हणाले. तू चिडवशील अशी भीती होती.

ताई, ते काढून घे. वासे वाकले तर एकटी काय करशील? नुसतं कळव, मी येतो.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या

२ नोव्हेंबर

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मिस्त्रींना होय कळवलं. तुला बोलावलं नाही, रागावू नकोस. तुझे गुडघे शिडीचे राहिले नाहीत, आणि मला घरात कोणी बोलायला नको होतं.

मी चिडवलं असतं का, याचा विचार करते. बहुधा चिडवलं असतं. सासरे गेल्यावर हे कामावर जात, वेळेवर जेवत, म्हणून मला वाटलं की सावरले. आता मीही तशीच जाते-येते. शेजारीण म्हणते, सावरलीस हो.

आधी यांचा थर निघाला, मग सासऱ्यांचा. पलंगाच्या वरच्या छपराच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या. मिस्त्रींनी बोट लावलं तर आत गेलं. त्या बदलून नव्या पट्ट्या घातल्या. ओळी सगळ्या सरळ आहेत. रस्त्यावरून पाहिलं तर स्वयंपाकघर कुठे ते ओळखू येत नाही.

तुझी दोरी सरळ होती, मान्य. लिहीत राहा, एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
ताई

ता. क. मिस्त्रींची माणसं परत गेल्यावर अंगणात पडलेले खिळे वेचले. यांचे आणि सासऱ्यांचे वेगळे ठेवायचे होते, पण गंजून सगळे सारखेच झालेत. पलंगावरची बादली आता लागत नव्हती. तिच्यात भरले, आणि गादी परत घालून वर कोरडी चादर अंथरली.