पडद्यावरचा हात

सोमवार, ३ मार्च
आज पुन्हा तेच! बाबांनी हात खांद्याएवढा उचलला, आणि पडद्यावरचा त्यांचा हात पाठीमागून अख्खी गिरकी घेऊन तिथे पोचला. बाबा म्हणाले, "अगं, माझा खांदा निखळलाय की तुझं डोकं?"

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांच्या दंडाला सेन्सरची पट्टी बांधतो. हात कसा वळलाय ते ती चार आकड्यांत पाठवते — क्वाटर्नियन. दोन मोजमापांमधली हालचाल माझा प्रोग्राम भरतो. शुक्रवारी फिजिओबाई हे चित्र बघूनच ठरवणार, बाबांनी वजन उचलायचं का. आणि इथे हात पंख्यासारखा फिरतोय!

मंगळवार, ४ मार्च
सुरुवात बरोबर. शेवट बरोबर. तपासण्या सगळ्या पास. मग घोडं अडतंय कुठे? जेवण गेलं नाही.

बुधवार, ५ मार्च
सापडलं!! चारही आकड्यांची चिन्हं उलटी केली तरी वळण तेच राहतं. पट्टी मध्येच उलटी चिन्हं पाठवते आणि प्रोग्राम लांबच्या वाटेने निघतो. लागोपाठच्या दोन मोजमापांचे आकडे जोडीने गुणून बेरीज ऋण आली, की एकाची चिन्हं उलटायची. एक ओळ! स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

तरी हात मध्येच थरथरत होता. पट्टी सैल असणार. मधली मोजमापं गाळली आणि टोकापासून टोकापर्यंत सलग फिरवला. काय अलगद गेला वर! मी नाचायचीच बाकी होते.

गुरुवार, ६ मार्च
सगळं जमलंय. मग स्वस्थ का बसवत नाही?

शुक्रवार, ७ मार्च
फिजिओबाई खूश. "छान आहे की, काका! सोमवारपासून वजन घ्या." बाबा माझ्याकडेच बघत होते. कंटाळले असतील.

शनिवार, ८ मार्च
चैन पडेना. पट्टी सैल असती तर थरथर कुठेही आली असती. गाळलेले आकडे उघडले. बाबांनी बावीस वेळा हात उचलला होता — बावीसही वेळा तो एकाच जागी अडकला होता. टोकं तेवढी बघायची आणि मधलं आपल्या मनाने भरायचं — मंगळवारी तपासण्यांत केलं तेच मी परत केलं, आणि या वेळी मुद्दाम!

बाईंना फोन केला. म्हणाल्या, "वजनाला हातही लावू देऊ नका. सोमवारी घेऊन या."

रविवार, ९ मार्च
बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "ठाऊक होतं गं. तिथे कळ येते, जीव जातो. पण कितीतरी दिवसांनी तू खूश दिसलीस — म्हटलं, राहू दे."