मुंगीला वाचा फुटली

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या वस्तीतलं पालिकेचं पाळणाघर बंद झालं. अनुदान थांबलं म्हणे. आता तिथे कचेरीच्या मोडक्या खुर्च्या रचल्यात. खासगी पाळणाघर परवडत नाही, आणि ते उघडायच्या आत माझी पहिली बस डेपोतून निघालेली असते. मुंगीला शेजारच्या आजींकडे ठेवते. जीव लावतात, पण गुडघ्यांनी बेजार. तिला खाटेवर बसवून टीव्ही लावून देतात. अडीच वर्षांची झाली तरी पोर अजून एक शब्द बोलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत, पण दिवसभर हिच्याशी बोलतं कोण? मला मान वर करवेना. हिचे बाबा गेल्यापासून घर माझ्या एकटीवर. नोकरी कशी सोडू?

तुमच्याकडची सरकारी बालवाडी अजून चालू आहे आणि तूच तिथली बाई. तिला ठेवून घेशील? इथे काही सोय होईपर्यंतच गं.

तुझ्या मायेच्या भरवशावरची,
धाकटी

१० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ख्यालीखुशाली नंतर, आधी बातमी: मुंगी बोलली! वाळूत खेळताना कुणी तिची बादली ओढली, तर ठणकावून 'माझी' म्हणाली. मी पाठ फिरवून डोळे पुसले. आता दिवसभर टकळी चालू. तुझे भावजी विचारतात, मावशी-भाची दोघी एकदम सुरू झाल्या तर माणसानं जायचं कुठे?

एक मात्र लपवत नाही. बाकीची मुलं मला बाई म्हणतात, ही आई म्हणते. मी मावशी आहे असं समजावलं, तर त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही. काय करू, सांग.

जेवणाची हयगय करू नकोस.
ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समजावू नकोस. बोलू दे तिला.

तिचा पहिला शब्द मी शेवटच्या थांब्यावर, रिकाम्या बसमध्ये वाचला. आम्ही बायका पाळणाघरासाठी पालिकेत जाऊन आलो. सभापतींनी चहा पाजला आणि म्हणाले, पूर्वी पोरं घरीच वाढायची की! पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी मुंगी केवढी झालेली असेल!

सुटी मिळाली की येते. तोवर लोभ असू दे.
धाकटी

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. परवा मी बालवाडीत आले तेव्हा तू आत पालकांशी बोलत होतीस. तेव्हा काय झालं ते तुला तोंडावर सांगता आलं नाही.

मुंगी धावत आली. वाटलं, ओळखलं. बोट धरून मला छोट्या खुर्चीवर बसवलं आणि मी कुणाची आई, असं विचारलं. तुझी मदतनीस म्हणाली, येणाऱ्या प्रत्येकीला ती हेच विचारते आणि तिचं मूल शोधून आणते. किती स्वच्छ बोलते गं! एकही अक्षर अडखळत नाही.

'तुझी' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मी बस चालवते, एवढंच म्हणाले. तिला ते फार आवडलं. लगेच आत पळाली आणि एकेका मुलाजवळ वाकून विचारत फिरली, बस चालवते ती आई कुणाची म्हणून.

तिच्यावर लोभ ठेव. त्यातून उरेल तो मला पुरे.
धाकटी