दुसरा टाक

प्रिय चिमणे,

खाली तुझे भाऊजी गाडी पुसताहेत आणि वर मी हे लिहितेय. दोनदा उठून खिडकीतून पाहून आले, तेवढ्यात दूध उतू गेलं, आता पुन्हा बसलेय. काय ते एकदाचं सांगून टाकते. रविवारी तुझ्या नव्या घरी आम्ही गाडीनेच येणार, असं त्यांनी तुला फोनवर छातीठोकपणे सांगितलंय ना? हात ठणठणीत आहे, असंही? चिमणे, गेल्या वर्षीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या डाव्या हातात साधा चहाचा कप राहत नाही.

मग गाडी चालते कशी, विचारशील. दोघं मिळून चालवतो. स्टिअरिंग, क्लच, ब्रेक त्यांचं. ते क्लच दाबतात, 'दुसरा टाक' म्हणतात, आणि शेजारी डावीकडे बसलेली मी उजव्या हाताने गिअर टाकते. हसू नकोस. आधी मलाही गंमत वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला गाडीला हात लावू दिला नाही, आणि आता माझ्यावाचून ती फाटकाबाहेर निघेना! पुढे पुढे तर इंजिनाच्या आवाजावरूनच कळायचं. ते बोलायच्या आत माझा हात दांड्यावर.

मग एका दुपारी शाळेजवळच्या वळणावर ते 'दुसरा' म्हणाले, मी टाकायला गेले, आणि गिअर असा खरखरला की मी हातच मागे घेतला. क्लच दाबला गेलाच नव्हता. गाडी आचके देत थांबली ती रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईच्या हातभर अलीकडे. हे माझ्यावरच डाफरले, घाई केलीस म्हणून. घाई मी केली नव्हती गं. त्यांचा पायही आता वेळेवर ऐकत नाही, आणि ते त्यांना ठाऊक आहे.

गुडघ्याच्या व्यायामाला जाते अशी थाप मारून मी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, गिअर टाका, आणि माझा उजवा हात सवयीने दारावर आपटला. बाई, दारात गिअर असलेली गाडी अजून निघायचीय, म्हणाले. क्लचने तर रडकुंडीला आणलं. पाय जरा लवकर उचलला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद, आणि मागचे लोक भोंगे वाजवून जीव नकोसा करणार. पण मीही चिवट. काल परीक्षा पास झाले. ओरडून सांगावंसं वाटत होतं. घरी आले तर ह्यांनी विचारलं, गुडघा बरा आहे का? बरा आहे म्हटलं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या आधी जाऊन उजव्या सीटवर बसणार आहे. ते चिडतील, कदाचित घरात जाऊन दार लावून घेतील. हिने मला निकालात काढलं, असंच त्यांना वाटेल. म्हणून एक ठरवलंय. मी म्हणणार, पायांचं जमलं मला, पण डाव्या हाताने गिअर काही केल्या पडत नाही, तो तुम्हीच टाका. डावीकडे बसल्यावर त्यांचा उजवा हातच तर लागेल, आणि तो चांगला आहे. तेव्हा तुझ्या दारात आम्ही असे आलो, तर तुझ्या नवऱ्याला हसू देऊ नकोस. आणि मला सगळे गिअर टाकता येतात, हे ह्यांना जन्मात कळता कामा नये.

तुझीच,
डावीकडून उजवीकडे सरकलेली ताई