पुंगळीच्या आतली रेघ

आबा, आज तुमची ती वाकडी तार पुन्हा करावी लागली. तुम्ही सायकलच्या आऱ्याची करायचात, टोक घासून आकड्यासारखं वळवून. मी इथे सौदीत, यान्बूच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या तारेची केली. आमच्या मुदीरला, म्हणजे साहेबाला, त्याच्या वडिलांची शिकारीची मॅग्नम रायफल मिळाली आहे, परवान्यासकट. तिची काडतुसं आता कुठे मिळत नाहीत. तुमच्या बंदुकांच्या दुकानाची बढाई मी एकदा चहा पिताना मारली होती, ती पठ्ठ्याने नेमकी लक्षात ठेवली. काल ताइफहून दुसऱ्या काडतुसांच्या डबाभर वापरलेल्या, जरा मोठ्या पितळी पुंगळ्या घेऊन आला. म्हणाला, "इसको दबाके छोटा करो. बारूद मैं भरेगा. माफी मुश्किल!" म्हणजे, काही अडचण नाही. माझ्या इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, कागदावर त्याची सही व्हायची आहे. म्हणून डबा ठेवून घेतला.

काम हाताला आठवत होतं. पुंगळ्या पाण्याच्या ताटलीत उभ्या करायच्या, बूड थंड ठेवायचं, मान तापवून मऊ करायची आणि मगच डायच्या साच्यात दाबायची. पितळाला घाई चालत नाही. पण या सगळ्याच्या आधी तार. मी दुकानात तुमच्या हाताखाली होतो तेव्हा एकदा पुंगळी उजेडात धरून "चांगली आहे" म्हणालो, तर तुम्ही गिऱ्हाइकासमोरच मला झापलंत, "डोळ्याला बाहेरचं दिसतं रे! आत तार घाल. फुटली तर गाल त्याचा जाईल, तुझा नाही." बार उडून उडून पितळ बुडाशी आतून पातळ होतं, तिथे रेघ पडते आणि तार त्या रेघेत अडखळते. अडखळली की तुम्ही ती पुंगळी व्हाइसच्या पकडीत चेपून टाकायचात, दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नको म्हणून. शेवटच्या वर्षी तर सगळ्याच चेपायला लागलात. गिऱ्हाइकं चिडली, तुटली. आई म्हणायची, "ह्यांचं डोकं फिरलंय." मलाही तेच वाटायचं. तुम्ही आपले आईने दिलेला वाफाळता कप मुठीत घट्ट धरून बसलेले. त्यानंतर दुकान बंद झालं आणि मी इकडे आलो.

आज मुदीर समोर स्टुलावर बसला होता. मी एकेका पुंगळीत तार फिरवली आणि एकेक करून सगळ्या चेपल्या. तो उठून उभाच राहिला. "एश हाज़ा? ये क्या? सब खराब?"

"सब. बंदूक चलाते टाइम आपका गाल इधर रहता है," मी स्वतःच्या गालावर हात ठेवून म्हणालो. त्याने एक चपटी पुंगळी उचलली आणि परत डब्यात टाकली. मग "खलास" म्हणाला आणि डबा तिथेच टाकून गेला. रागावला का, ते कळलं नाही. सही होईल की नाही, याची भीती वाटते. खोटं कशाला सांगू?

तुम्ही गेलात तिथे हे पत्र टाकायला कुठली पेटी असणार! पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. ग्राइंडर धरून धरून माझी बोटं बधिर झाली आहेत. तार कुठे अडखळली, कुठे नाही, मला काही कळलंच नाही.

आबा, तुम्हालाही कळत नव्हतं ना?