खड्यांना पाणी

प्रिय सूनबाई,

कुंडीतला खडा सुरकुतलाय, पाणी घालू का, असं तू फोनवर विचारलंस. घालू नकोस. तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या चष्मेवाल्याने लग्नाचं विचारलंय आणि तू त्याला कधीपासून लटकवत ठेवलंयस, हे मात्र तू फोनवर बोलली नाहीस. मला कसं कळलं ते सांगते, पण आधी त्या खड्यासारख्या दिसणाऱ्या रोपाचं.

जुनी पानांची जोडी सुकायला लागली की समज, आत नवी जोडी तयार होतेय. जुन्या पानांतलं पाणी ती ओढून घेते. अशा वेळी तू वरून पाणी घातलंस, तर जुनी पानं सुकायचं नाव घेत नाहीत आणि नव्यांना जागा मिळत नाही. जुनी पार कागदासारखी होऊ देत, मग घाल, तेही कुंडीच्या कडेने. माती अगदी थोडी, बाकी जाडी वाळू आणि बारीक खडी. कुंडी उथळ नको, मूळ खोल जातं. सकाळचं ऊन पुरतं. फूल येईल ते दोन पानांच्या फटीतून. दुपारी उमलतं, संध्याकाळी मिटतं. तेव्हा तू कामावर असशील, त्याला माझा इलाज नाही. सुट्टीच्या दिवशी बघ.

हे सगळं मला आता येतं. पोरगा वाळवंटात विहिरी खोदायला गेला आणि येताना चिमूटभर बी घेऊन आला. वाळूवर भुरभुरवलं, वर काच ठेवली आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून आपल्याला दटावलं. ‘माझे खडे’ म्हणायचा. तो गेला आणि खिडकीत चार कुंड्या राहिल्या. तू मी उठायच्या आत गुपचूप पाणी घालायचीस. तू कामाला गेलीस की मी घालायचे. मला वाटायचं, तुला त्यांच्याकडे बघवत नाही, तेव्हा आपणच बघितलं पाहिजे. तुलाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं. एकीने दुसरीला विचारावं, तर तेवढं शहाणपण दोघींकडे नव्हतं. एक सोडून सगळे खडे कुजले. कशाने, ते कळलं त्या दिवशी आपण ओट्याशी उभ्या राहून पोट धरून हसलो आणि मग रडलो. तोवर एकमेकींसमोर रडलो नव्हतो. उरलेला खडा तू नोकरीच्या गावी नेलास, ते बरं केलंस.

मागच्या आठवड्यात चष्मेवाला घरी आला. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला आणि खड्यांना पाणी कधी घालायचं ते विचारायला लागला. एवढ्यासाठी कुणी दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत नाही. मी सगळं सांगितलं, त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही, मग परत सांगितलं. निघताना दारात घुटमळला आणि म्हणाला, “ती नाही म्हणाली असती तर मी गप्प बसलो असतो. पण ती म्हणते, आईंना काय वाटेल.” माणूस मला बरा वाटला. जरा घाबरट आहे.

आईंना काय वाटेल ते आईंनीच सांगावं, म्हणून हे पत्र. वाईट वाटेल. काही दिवस मी कुणाशी धड बोलणार नाही. तुझी खोली आवरताना रडेनही. ते माझं मी निस्तरेन, त्यासाठी तू जन्मभर थांबायचं कारण नाही. त्याला हो म्हणावंसं वाटलं तर हो म्हण, नको असेल तर नाही म्हण, पण माझं नाव पुढे करू नकोस. आणि हो म्हणालीस, तर त्याच्याकडची माणसं विचारतील की मुलीला आईवडील नाहीत, मग मुलीकडून कोण उभं राहणार. त्यांना सांग, माझी आई येणार आहे.

तुझीच,
आई