अंगणातून काढलेला फोटो

७ फेब्रु. ६६
सांगली. शेठच्या दुकानात तासभर. माझ्या जर्मन कॅमेऱ्याला एकच नवी लेन्स परवडेल, तेव्हा ती सगळीकडे चालली पाहिजे. आमच्या वस्तीत खोल्या एवढ्याशा, पाठ भिंतीला टेकली तरी नवरा-नवरी फोटोत मावत नाहीत. गावातल्या लग्नांत उलटं, मला मांडवाबाहेर उभं करतात, तिथून लांबचं दिसायला हवं. शेठ म्हणाला, "झूम घ्या. नळी फिरवली की जवळचं, फिरवली की लांबचं. मुंबईहून एकच आलीय." जड आहे. किती लांब उभं राहायचं हे मी ठरवत नाही, हे शेठला काय सांगणार.

९ फेब्रु.
हणमंताला मिरजेच्या दवाखान्यातून घरी पाठवलं. छातीत काही उरलं नाही म्हणे. बघून आलो, म्हणजे अंगणातून. माजघरात बाज, दार उघडं, तो अंधारात. आवाज ओळखू येईना.
"शिरपा, पोरीसाठनं माझा एक फोटू काढ रं. तिच्या ध्यानात न्हाई ऱ्हायचं माझं त्वांड."
पोर दोन वर्षांची. जिवाभावाचा मित्र फोटोवाला आणि याचा एक फोटो नाही. लाज वाटली.

११ फेब्रु.
कॅमेरा घेऊन गेलो. आबा, हणमंताचे वडील, ओसरीवर बसलेले. पायरीवर पाय ठेवायच्या आत म्हणाले, "तितनंच काढ." आम्ही बौद्ध होऊन दहा वर्षं होतील, आबांचा उंबरा आहे तिथंच आहे. माधवनगरच्या गिरणीत असताना मी आणि हणमंता एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, चार वर्षं. तो काहीतरी म्हणेल म्हणून थांबलो. त्यानं भिंतीकडे तोंड केलं.
काढला तिथूनच. राग आलाय त्याचा. मरणाऱ्या माणसावर राग धरून बसलोय, काय म्हणावं मला.

१२ फेब्रु.
प्रिंट. तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. मोठं केलं तर नुसते ठिपके. फ्लॅशचा उजेड माजघरापर्यंत जातच नाही.

१५ फेब्रु.
बाहेर उन्हात आणायचं ठरलं होतं. त्याच्या बायकोनं, सरसावहिनींनी, काखेत हात घालून उठवलं तर तोंडातून रक्त आलं. राहिलं. मग वहिनींच्याच हातात कॅमेरा दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं.

१७ फेब्रु.
वहिनींच्या फोटोत आलंय फक्त आढं आणि वासे. अंगणातून ओरडून सांगितलं. आतून हणमंता, "मग आता आढ्यालाच हार घाला म्हनावं!" हसलो दोघंही. पुढं त्याला खोकला आवरेना.

१९ फेब्रु.
सांगली. शेठनं ती झूम लेन्स आठ दिवस वापरून बघायला दिली. भला माणूस.

२१ फेब्रु.
अंगणातून, नळी शेवटपर्यंत फिरवून. काचेत अख्खं तोंड आलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा त्याला नीट पाहिलं. बघवेना. तो मात्र सरळ माझ्याकडे बघून हसत होता. अंधारामुळे शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार. ओरडलो, "जरा दम धर." दम धरायला सांगतोय कुणाला.

२३ फेब्रु.
सगळं हललेलं. डोळे उघडे आहेत, हसतोय एवढं कळतं. बाकी कोणीही असू शकेल.

२७ फेब्रु.
लेन्स परत केली. "कशी वाटली?" "चांगली आहे. कळवतो."

४ मार्च
पहाटे हणमंता गेला.
सकाळी आबा वस्तीत आले, स्वतः. आजवर कधी आले नव्हते. "शिरपा, मशीन घिऊन चल. आत यिऊन काढ." मी कॅमेरा घ्यायला वळलो. ते खाली बघून म्हणाले, "घराला सुतकच हाय आता. आता कशाचा इटाळ?"
गेलो. वहिनी कोपऱ्यात. तीन हातांवरून काढला, फ्लॅश लावून. जुनी लेन्स पुरली. बाजेशेजारी टेकायला जागा होती, टेकलो नाही. का नाही टेकलो कोण जाणे.

१३ मार्च
पापणीचा केस न् केस दिसतोय. इतका स्वच्छ फोटो मी आजवर काढलेला नाही. वहिनींचा निरोप आला, "भावजी, डोळं उघडं करून मिळत्यात व्हय?" मिळतात. ब्रशनं करतो आम्ही, नेहमीचं काम आहे. दुपारभर बसलो. दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे होतात. सोडून दिलं. रडलो.

१५ मार्च
उद्या तेरावा. घर शुद्ध होणार, म्हणजे मी परत अंगणात. शेठचं कार्ड आलंय, लेन्स दुसरा एक जण मागतोय, देऊ का. उत्तर दिलेलं नाही.
दोन्ही फोटोंना फ्रेम केली. मिटलेल्या डोळ्यांचा, आणि तो हललेला. पोर उद्या बोट दाखवून विचारेल, ह्यो कोन.
पिशवीत खिळा आणि हातोडी टाकली आहे. आबांना सांगणार, फोटो हातात देणार नाही, आत येऊन मीच टांगणार. पुन्हा तितनंच दे म्हणाले तर काय करायचं, माहीत नाही. आणि आत घेतलंच, तर दोन्हींतला कोणता टांगायचा तेही अजून ठरत नाही.