हायस्कूल बँडाचे सदतीस नियम

खामगाव

सोमवार, २३ नोव्हेंबर १९३६. सकाळी.
आजपासून मी बँडमास्तर. तूर्त तोंडी. हेडमास्तर भगवंतराव काल म्हणाले, "भालचंद्रराव, एका शेठजींनी शाळेला बँडाचं सामान दिलंय. वाजवायला मुलं आहेत, शिकवायला कोणी नाही. तुम्हाला काही येतं का?" मी हो म्हणालो. कामठीच्या छावणीत गोऱ्यांचा बँड मी प्रत्यक्ष पाहिला आहे. तारेच्या कुंपणाबाहेरून का होईना, पण चांगला पाऊण तास.
१८ डिसेंबरला इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला येणार. बँड पसंत पडला तर मी कायम. नाही पडला तर जानेवारीपासून दुसरा माणूस. तीन वर्षे टेंपररी आहे. लोकांना ते आता माझे आडनाव वाटू लागले असेल. पण पंचवीस दिवस पुष्कळ झाले. शिस्त आली की संगीत मागोमाग येते.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
नियम लिहून काढले. चौदा झाले. काही फार चांगले उतरले आहेत.
नियम १: सकाळी आठाला फाटक बंद. उशिरा येणारा बाहेर, मग तो कोणीही असो. सबब ऐकली जाणार नाही.
नियम ४: हुकूम इंग्रजीतच दिले जातील व इंग्रजीतच पाळले जातील.
नियम ९: बिगुलातून पाणी पिऊ नये. हा आज दुपारी लागला.
नियम १२: चेहरा गंभीर ठेवावा.
शकुंतलेला वाचून दाखवले. ती तूरडाळ निवडत होती. सगळे ऐकून म्हणाली, "आन् वाजवाचं काय?" बायकोला पाया आणि कळस यांतला फरक समजावणे कठीण. सोडून दिले.

मंगळवार, २४ नोव्हेंबर.
पहिली परेड. सोळा मुले, बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, शेतकऱ्यांची, गुरांमागे बासरी शिकलेली. 'लेफ्ट-राइट' सुरू केले. निम्म्यांचे लेफ्ट, निम्म्यांचे राइट. शेवटी मी स्वतः चालून दाखवले. मोठा ढोल वाजवणारा मोतीराम म्हणाला, "सर, तुमी दोनी येळा डावाच पाय टाकला."
नियम १५: विद्यार्थ्याने स्वतःच्या पायाकडे लक्ष द्यावे.

गुरुवार, २६ नोव्हेंबर.
आज चालणे थोडे जमले, पण थांबणे जमेना. मी 'हॉल्ट' म्हणालो. कोणी थांबले नाही. मोठ्याने म्हणालो, तर मुले भराभर चालू लागली. आणखी मोठ्याने ओरडलो, तेव्हा पळतच सुटली आणि विहिरीच्या कठड्यापाशी नाइलाजाने थांबली. मोतीरामला जाब विचारला. तो म्हणाला, "सर, तुमी 'हाल' म्हनता, मंग आमी हालतो. जोरानं म्हनलं त जोरानं हालतो."
माझा उच्चार इंग्रजी आहे, त्यांचा कान वऱ्हाडी आहे. दोष कानाचा. नियम १६ ते १९ उच्चारावर.

शनिवार, २८ नोव्हेंबर.
सासऱ्यांना, वरवट बकालला, कार्ड टाकले. 'हायस्कुलात बँडमास्तर म्हणून नेमणूक झाली.' 'तूर्त' आणि 'तोंडी' हे दोन शब्द जागेअभावी राहिले. १८ तारखेला अवश्य यावे, असेही लिहिले. किसनरावांनी माझ्याविषयी लग्नात एकदाच मत दिले होते : "पोरगं बोलते बरं." त्यांना एकदा मी पुढे आणि बँड मागे असा दिसायला हवा. नियमांत हे कुठे बसत नाही, म्हणून इथे लिहिले.

मंगळवार, १ डिसेंबर.
शाळेचा शिपाई कडूबा रोज परेडीच्या वेळी भिंतीशी उकिडवा बसतो आणि तंबाखू मळत पाहतो. तरुणपणी गावच्या लेझमीत ढोल वाजवायचा म्हणे. आज मला म्हणाला, "मास्तर, राग येऊ देऊ नका. या पोराईले लेफ-राइट समजत नाई. पन पेरताना तिफनीमांगं चालनं समजते. चाड्यावर मूठ धरली की पाऊल सारखं पडाले पाह्यजे, नाई त बी कुठी दाट पडते, कुठी पातळ. तसं चाला म्हना."
मी त्याला शांतपणे सांगितले की हे हायस्कूल आहे, पेरणीचे वावर नाही. त्याने हो म्हटले आणि पुन्हा तंबाखू मळू लागला. अशा माणसांशी वाद घालता येत नाही, कारण ती घालतच नाहीत.

शुक्रवार, ४ डिसेंबर.
हेडमास्तरांकडे काम निघाले. वीस मिनिटांनी परतलो तर सोळाही मुले एका ओळीत, एका पावलाने, बासऱ्या वाजवत चालली होती. पुढे कडूबा, गळ्यात मोठा ढोल. मधूनच तो "होऽ, हो, हो" म्हणाला, बैल थांबवतात तसा. सोळा मुले जागच्या जागी थांबली.
याचा अर्थ स्पष्ट आहे. माझ्या नियमांचा परिणाम दिसू लागला आहे.
मात्र 'हो, हो' बंद केले पाहिजे. नियम २३: बँडला उद्देशून गुराढोरांची भाषा वापरू नये. कडूबाला समज दिली. तो म्हणाला, "हाव." मुलांना समज दिली. तीही म्हणाली, "हाव." पुढे माझ्या हुकमाने परेड घेतली. विहिरीचा कठडा आज थोडा ढासळला.

रविवार, ६ डिसेंबर.
सुट्टी. स्वतःच्या सरावाचा संकल्प. मागच्या अंगणात कवायत केली, शकुंतला दार लावून घेईल या अटीवर. तिने फट ठेवली होती. नंतर जेवताना हसू दाबत म्हणाली, "तुमचा हात आन् पाय एकाच अंगाचे पुढं येऊन राह्यले होते." मी सांगितले, कामठीला असेच चालतात. ती म्हणाली, "मंग कामठीले पडत असतील लोक."
यापुढे घरात बँडविषयी चर्चा नाही. नियम २६. हा फक्त घरापुरता.

बुधवार, ९ डिसेंबर.
मनापासून एक गोष्ट लिहितो, कोणी वाचणार नाही म्हणून. मी हॉल्ट म्हटले की मुले माझ्याकडे पाहतात आणि मग हळूच कडूबाकडे पाहतात. तो डोळ्यांनी काही खुणावतो. मग ती थांबतात. मला वाईट वाटले. पण सेनापतीच्या हाताखाली हवालदार असतोच, असा विचार केल्यावर झोप लागली.

शनिवार, १२ डिसेंबर.
कापूस वेचणीचे दिवस. मुले आईबापांबरोबर पहाटे वावरात जातात आणि तिथून धावत येतात, दोन-चार मिनिटे उशीर. त्यावर मी नामी तोड काढली. शाळेचे घड्याळ पाच मिनिटे पुढे केले. म्हणजे चार मिनिटे उशिरा येणारा सुद्धा हळूहळू सुधारेल. कडूबा म्हणाला, "मास्तर, गावातली घड्याळं काय करतीन?" मी म्हणालो, गावाने शाळेकडे पाहून चालावे. वाक्य चांगले सुचले. नियम ३१ म्हणून घातले.

मंगळवार, १५ डिसेंबर.
युनिफॉर्म आला. मुलांना पांढरे सदरे, मला लाल बनातीचा कोट, सोनेरी दोरीसकट. शिंप्याने माप कोणाचे घेतले होते कळत नाही. छाती घट्ट, बाह्या लांब. श्वास घेतला नाही तर रुबाबदार दिसतो.
नियम सदतीस झाले. जाड पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून फाटकाच्या आतून टांगले. भगवंतराव वाचत बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "अक्षर सुरेख आहे तुमचं." मी म्हणालो, सगळे लक्ष शिस्तीकडे आहे. ते म्हणाले, "भालचंद्रराव, साहेबांसमोर घोटाळा होऊ देऊ नका. तुमच्यासाठी शब्द टाकलाय मी." हे मात्र खरे. त्यांनी टाकला आहे.

गुरुवार, १७ डिसेंबर.
सासरे आले. बैलांच्या दमणीतून. सोबत तुरीच्या शेंगांचे पोते. कोटाची घडी उलगडून त्यांना दाखवली. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाले, "कापड चांगलं हाय." उद्या यापुढचे मत मिळेल.

शुक्रवार, १८ डिसेंबर. दुपारी.
लिहायचे नव्हते. पण रोजनिशीचा नियम मीच केला आहे.
साडेसहाला उठलो. सासऱ्यांना साडेसातलाच पुढे पाठवले, पहिल्या रांगेत बसा म्हणून. आरशासमोर कोट चढवला. एक बटण तुटले. शकुंतलेने अंगावरच टाके घातले, हलू नका म्हणत. मनगटावरच्या घड्याळात आठाला तीन कमी असताना शाळेशी पोचलो. म्हणजे वेळेआधी.
फाटक बंद. आतून साखळी. वरती शाळेचे घड्याळ आठ वाजून दोन मिनिटे दाखवत होते.
आत उकंडा उभा होता, बिगुलवाला, फाटकाची पाळी त्याची. मी म्हणालो, उघड. त्याने पुठ्ठ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. रडवेला झाला होता. म्हणाला, "सर, तुमीच लिवलं, कोनीबी असो." मी सांगितले, ते इतरांसाठी. तो म्हणाला, "तसं नाई लिवेल, सर." खरेच तसे लिहिले नव्हते. इतक्यात आतून ढोलाचा ठोका आला आणि तो पळत जाऊन ओळीत शिरला.
फाटकाबाहेर जिनिंगला जाणारी कापसाची गाडी उभी होती. मी गाडीवर चढलो. गाडीवान म्हणाला, "मास्तर, कापूस तुडवून राह्यले तुमी." तरी उभा राहिलो. भिंतीवरून सगळे दिसले.
पुढे कडूबा, धुतलेल्या मुंडाशात, गळ्यात ढोल. मोतीराम त्याच्या शेजारी, झांजा घेऊन. मागे चार-चारांच्या ओळी. पावले अशी पडत होती, जशी काही मैदानात पेरणी चालली आहे आणि एकही दाणा वाया जाणार नाही. बासऱ्या गोड वाजत होत्या. मला आनंद झाला. आधी आनंदच झाला, हे नोंदवून ठेवतो. मग लक्षात आले की पुढे मी नाही.
भिंतीवरून ओरडलो, "हॉल्ट."
बँड भरभर चालू लागला.
पुन्हा ओरडलो, सगळा जोर लावून. शकुंतलेचे टाके उसवले. बँड जवळजवळ धावत साहेबांच्या टेबलाकडे निघाला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. भगवंतराव घाबरून दोन्ही हात पसरून मध्ये आले आणि म्हणाले, "हो, हो, हो, हो."
सोळा मुले आणि कडूबा टेबलापासून दोन हातांवर थांबले. एकदम. धूळ मागून आली.
साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, संथ चाल, दुडकी चाल आणि थांबा, असा कार्यक्रमच बसवला आहे. मग भिंतीकडे बोट करून त्यांनी विचारले, तो लाल कोटवाला कोण. भगवंतराव खोकले. पहिल्या रांगेतून सासरे उठून म्हणाले, "आमचे जवाई हायेत, साहेब. बँडाचा लय शौक हाय त्याईले."
ते खाली बसले. यापुढचे मत ते हेच.

शनिवार, १९ डिसेंबर.
साहेबांचा शेरा आला. 'बँड उत्तम. ढोल वाजवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना बँडमास्तर नेमावे.' माझ्याविषयी काही नाही. भगवंतरावांना विचारले. त्यांनी टाक पुसून ठेवला. म्हणाले, "कायम होणार, असं आता सांगू नका कोणाला. भूगोलाचे तास आहेत जूनपर्यंत. टेंपररी." मग म्हणाले, "कडूबाला लिहिता येत नाही. त्याचे बँडाचे नियम तुम्ही लिहून द्या. अक्षर सुरेख आहे तुमचं."
सासरे आज परत गेले. निघताना पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा. शब्द काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, की हेच बरे, ठरत नाही.

सोमवार, २१ डिसेंबर.
दऊत आणि कोरा पुठ्ठा घेऊन कडूबाकडे गेलो. म्हणालो, सांगा नियम. तो विचारात पडला. तंबाखू मळून दाढेखाली ठेवली. शेवटी म्हणाला, "पुढच्याच्या पाठीकडं पाहून चालाव."
लिहिले. दुसरा विचारला.
म्हणाला, "दुसरा कायले? एवढा पाळला तरी लय झालं." मग माझ्या पायांकडे न पाहता म्हणाला, "मास्तर, मांगच्या ओळीत एक जागा खाली हाय. कोनी पाहून नाई राह्यलं."
कोट घरीच होता. सदऱ्यावरच उभा राहिलो, मोतीरामच्या पाठीमागे. आज ढोल कडूबाकडेच, मोतीराम मागे. ढोल सुरू झाला. मी पाठीकडे पाहिले. विहिरीपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पावले पडत होती. कोणाशी जुळतात का, ते कळेना, पण विचारायची लाज वाटली नाही, हे नवीन.
अर्ध्या मैदानात मोतीराम मान न वळवता, इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "सर, दुसरा पाय."